स्टँडिंग चार्ज : वकीलपत्र नेमकं कुणाचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की २०२४ च्या उन्हाळ्यात तुम्ही सहा आठवडे भारतात होतात. इथल्या, ब्रिटनमधल्या घराला कुलूप, फ्रिजसुद्धा रिकामा करून बंद केलेला. तरी परत आल्यावर वीज आणि गॅस मिळून ३८ पौंड नुसत्या स्टँडिंग चार्जचे, म्हणजे वापर असो-नसो रोज लागणाऱ्या ठरावीक आकाराचे, भरावे लागले. आणि मी मात्र मूळ लेखात ‘जाळ्याचा (तारा, खांब, पाइप यांचा) खर्च वाढला म्हणून चार्ज वाढला’ असं लिहून कंपन्यांचं वकीलपत्र घेतलं.

आकडा बरोबर आहे. त्या वेळी ऑफजेम या वीज-गॅस नियामक संस्थेने ठरवलेल्या किमतीच्या कमाल मर्यादेत विजेचा चार्ज दिवसाला सरासरी ६० पेन्स होता आणि गॅसचा ३१. बेचाळीस दिवसांचे ३८ पौंडच होतात. वकीलपत्राबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तुमचा निम्मा आरोप मला मान्य आहे.

माझं ते वाक्य अर्धवट होतं. वाढीचा मोठा भाग ही वाढ नव्हतीच. ते पैसे आपण आधीही देत होतो, फक्त युनिटच्या दरातून. तारा, खांब, उपकेंद्रं यांच्या खर्चातला बराच हिस्सा असा असतो की तुम्ही किती वीज वापरली यावर तो ठरत नाही. ऑफजेमने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं की हा हिस्सा वापरावर न लावता प्रत्येक जोडणीवर ठरावीक लावायचा. कारण दिलं ते असं : ज्याला छपरावर सोलर पॅनेल परवडतं तो जाळ्यातून कमी युनिटं घेतो आणि जाळ्याच्या खर्चातून सुटतो, उरलेला बोजा ज्याला पॅनेल परवडत नाही त्याच्यावर पडतो. तर्क चुकीचा नाही. पण सोलरवाल्याला गाठायला टाकलेल्या जाळ्यात एकटी राहणारी, एका खोलीत दिवा लावून बसणारी पेन्शनर बाईही सापडली.

स्थानिक वितरणाचा हा बदल एप्रिल २०२२ मध्ये लागू झाला, उच्चदाब पारेषणाचा एप्रिल २०२३ मध्ये. आणि नेमकं त्याच एप्रिल २०२२ मध्ये दुसरं बिल येऊन पडलं. गॅसचे घाऊक भाव भडकल्यावर २०२१ च्या उत्तरार्धात जवळपास तीस पुरवठादार बुडाले. पुढच्या हिवाळ्याची वीज आधी खरेदी न करता स्वस्त दर देऊन गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्यांत होत्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्यांकडे सोपवण्याचा खर्च सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २.७ अब्ज पौंड धरला, म्हणजे घरटी सुमारे ९४ पौंड, आणि त्यात ‘बल्ब’ या बुडालेल्या मोठ्या पुरवठादाराचा हिशेब धरलेलाच नव्हता. विजेच्या बाजूने हा खर्च स्टँडिंग चार्जमध्ये गेला. एका रात्रीत चार्ज २५ वरून ४५ पेन्सवर! ज्याने त्या कंपन्यांचं नावही ऐकलं नव्हतं, त्यानेही त्यांचं दिवाळं फेडलं. तुमचा राग इथे असेल तर मीही तुमच्याच बाजूला उभा आहे.

गॅसचा चार्ज त्याच एप्रिलमध्ये जेमतेम एक पेन्सने हलला. गॅसच्या जाळ्याचा बहुतेक खर्च अजून युनिटच्या दरातून वसूल होतो, म्हणून. नुसता ‘खर्च वाढला’ असता तर दोन्ही चार्ज सारखेच उसळले असते. मूळ लेखात ही तुलना मी करायला हवी होती.

मग बुडालेल्यांचा भुर्दंड फिटल्यावर चार्ज खाली का आला नाही? कारण रिकाम्या झालेल्या जागेत पारेषणाचा खर्च येऊन बसला. त्यात महागाई. नेटवर्क कंपन्यांना मिळणारी रक्कम महागाईशी बांधलेली असते आणि वितरणाचे दर साधारण १५ महिने आधी ठरतात. त्यामुळे ऑक्टोबर २०२२ ची ११ टक्के महागाई आपण विसरून गेलो तेव्हा बिलावर पोचली. पुढेही दिलासा दिसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ऑफजेमने गॅस आणि पारेषणाच्या जाळ्यांसाठी पाच वर्षांच्या २८ अब्ज पौंडांच्या खर्चाला मंजुरी दिली आहे.

आता जिथे पटत नाही तिथे. ‘हा सगळा पुरवठादाराचा नफा’ हे तुमचं वाक्य. पुरवठादाराला किमतीच्या कमाल मर्यादेत धरून दिलेला नफा दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. मीटर, बिलं, फोनवर ताटकळवणारी ती ग्राहकसेवा आणि थकबाकी यांचा खर्च वेगळा. नफा शोधायचाच असेल तर तारांच्या मालकांकडे बघा. तुमच्या दारातली तार एकाच कंपनीची आहे आणि ती तुम्हाला बदलता येत नाही. वितरणाचे असे १४ भाग आहेत. म्हणूनच उत्तर वेल्स-मर्सीसाइडमधल्या घराला लंडनच्या घरापेक्षा कितीतरी जास्त चार्ज पडतो, वापर तोच असला तरी.

आणि ‘सरळ रद्दच करा’ याबद्दल. रद्द केला तर खर्च नाहीसा होत नाही, युनिटवर चढतो. तुमचे ३८ पौंड वाचतील, वर्षातले दहा महिने बंद असणाऱ्या सुट्टीच्या बंगल्याचेही वाचतील. भरतील कोण? जुन्या फ्लॅटमध्ये विजेच्या हीटरवर राहणारे, घरात ऑक्सिजनचं यंत्र चालवणारे. दिवाळखोरीसारखा खर्च सामान्य करातून काढावा, चार्जचा थोडा भाग युनिटवर न्यावा, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे नाही.

तुमच्यापेक्षा वाईट अवस्था प्रीपेमेंट मीटरवाल्यांची आहे. पैसे संपले, घर अंधारात गेलं, तरी चार्ज साचत राहतो. पुढच्या वेळी दहा पौंड भरले की त्यातले काही आधी त्या साचलेल्यात जातात आणि दिवा उरलेल्यावर लागतो.

शेवटी तुमचा व्यावहारिक प्रश्न : पुढच्या वेळी जाताना गॅस तोडून घ्यावा का? सहा आठवड्यांसाठी नको, त्या खटाटोपाचा खर्चच जास्त होईल. पण हीट पंप (विजेवर घर तापवणारं यंत्र) बसवून गॅस कायमचा सोडणार असाल तर नुसता नळ बंद करून थांबू नका, पुरवठादाराकडून मीटर काढून घ्या. मीटर भिंतीवर आहे तोवर चार्ज चालूच राहतो.