हवाई दलाचं प्रशिक्षण विकत मिळत नाही

मंगळवारी रात्री डिचोलीहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, पाटल्या ठेवल्या तर पतसंस्थेत किती मिळतील रे?" कारण विचारलं तर तिने एक मेसेज पाठवला. पंधरा दिवस तो साखळी-डिचोलीच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हापशातल्या एका गाळ्यात दीड वर्षाचा 'एअर फोर्स टेक्निशियन कोर्स', फी ८५,०००, प्रॅक्टिकल दाबोळीच्या तळावर, हवाई दलात थेट भरती, चार वर्षांनी कायम नोकरी, आणि बाहेर पडलं तरी विमान कंपनीत चालणारं लायसन. मी वीस वर्षं हवाई दलात इंजिन फिटर होतो. हे वाचून गप्प बसवत नाही.

दाबोळीचा तळ म्हणजे आयएनएस हंस. तो नौदलाचा आहे. हवाई दलाच्या नावाने तिथे प्रॅक्टिकल देणारा हा कोण?

थेट भरती नावाची गोष्टच नाही. अग्निवीरवायूसाठी, म्हणजे हवाई दलातल्या चार वर्षांच्या भरतीसाठी, ऑनलाइन परीक्षा, मग धावणं, मग वैद्यकीय तपासणी. अलीकडच्या जाहिरातीत परीक्षेचं शुल्क ५५० रुपये अधिक जीएसटी आहे. निवड झालेली मुलं आधी चोर्ला घाटापलीकडे, बेळगावच्या सांबऱ्याला जातात. पुढचं तांत्रिक शिक्षण ट्रेडप्रमाणे जालहळ्ळी, तांबरम अशा ठिकाणी. ट्रेड हवाई दल ठरवतं. या शिक्षणाला एक पैसा लागत नाही, उलट पगार मिळतो. बाहेरच्या कोर्सच्या सर्टिफिकेटला तिथे कुणी विचारत नाही.

'चार वर्षांनी कायम' हे जास्तीत जास्त २५ टक्क्यांच्या वाट्याला येतं. बाकीचे सेवा निधीचे, म्हणजे चार वर्षं संपताना मिळणारे एकरकमी, दहा लाखांच्या आसपास पैसे घेऊन घरी येतात, पेन्शन नाही.

सगळ्यात घातक आहे ते लायसन. बहिणीने पाटल्या काढल्या त्या त्याच भरवशावर: "नोकरी गेली तरी मोपा विमानतळावर कुठेतरी लागेल." दुरुस्तीनंतर नागरी विमान उड्डाणाला सोडण्याची सही करायला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, लायसन लागतं, आणि त्याचे नियम सीएआर-६६ मध्ये आहेत. त्यातलं ६६.ए.३० हे कलम कुणीही उघडून वाचावं. लष्करी विमानांवरचा अनुभव धरतात, पण नागरी कामाच्या तोडीचा असेल तरच, आणि वर नागरी विमानांवरचा वेगळा अनुभव लागतोच. शिवाय मॉड्यूलच्या परीक्षा. मोठ्या विमानासाठी त्या-त्या प्रकाराचं टाइप रेटिंग, म्हणजे लायसनवरची नोंद, वेगळं. माझ्याबरोबरच्या दोघांनी निवृत्तीनंतर हे केलं. पंधरा-पंधरा वर्षं इंजिनं उघडलेली माणसं, तरी पुन्हा वह्या घेऊन बसली.

हवाई दलातसुद्धा कोर्स संपला की लगेच सही मिळत नाही. युनिटवर आधी त्या विमानाचा अभ्यास, मग वरिष्ठाच्या नजरेखाली काम, आणि तुम्ही केलेलं दुसरा तपासणार. हत्यारं मोजून घ्यायची, मोजून परत ठेवायची. एक पाना कमी भरला की तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. हे म्हापशातल्या गाळ्यात दीड वर्षात कोण शिकवणार?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा ५० टक्क्यांनी झाला असेल तर त्यावर अर्ज करता येतो, म्हणून मेसेजमधलं 'तांत्रिक शिक्षणाचा फायदा होतो' हे वाक्य खोटं नाही. पण तो पणजीच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्येही होतो. आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्था एएमईच्या (विमान देखभाल इंजिनिअरच्या) कोर्सला फी घेतात, तेही खरं. तो रस्ता नागरी विमानांचा, हवाई दलाचा नव्हे. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत शोधा.

अग्निवीरवायूसाठी वय साडेसतरा ते एकवीस. भाचा एकोणीस वर्षांचा आहे. दीड वर्ष तिथे घालवलं तर त्याच्याकडे उरतं काय?

शनिवारपर्यंत दहा हजार आगाऊ भरा, असं तिला सांगितलंय. भरू नकोस, म्हणून मी तिला बजावलं आहे. ज्यांनी भरलेत त्यांनी पावती आणि तो मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात जा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० ला फोन लावा, आजच.