टेकडीवरचे प्रेक्षक

कोल्हापुरातल्या पुतण्याशी फोनवर माझा एकच वाद चालतो. त्याचं म्हणणं, "काका, आपल्याकडं आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, माणसंच येत नाहीत, मग फुटबॉल वाढणार कसा? तुमच्याकडं इंग्लंडात दुसऱ्या विभागाच्या सामन्यालाही लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम भरतं."

भरतं खरं. २७ मे २०२३ ला कोव्हेंट्री आणि ल्युटन यांच्यातला कोण सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये चढणार हे ठरायचं होतं, तेव्हा तिथं ८५,७११ प्रेक्षक होते. मी कोव्हेंट्रीत राहतो. त्या दिवशी आमची गल्ली आकाशी जर्सी घालून निघून गेली होती. निम्मं स्टेडियम ल्युटनवाल्यांचं. त्यांचं घरचं मैदान तेव्हा जेमतेम दहा हजारांचं, पाहुण्या प्रेक्षकांची वाट तर ओळीतल्या घरांमधून, लोकांच्या परसावरून जाते. मग एवढी माणसं वर्षभर होती कुठं, असा टोमणा आमच्याकडच्यांनी मारलाच. १-१ बरोबरी झाली, पेनल्टीत ल्युटन ६-५ नं जिंकलं आणि टोमणे बंद पडले.

खरं तर हा टोमणा कोव्हेंट्रीनं मारायचाच नव्हता. २०१३-१४ मध्ये मैदानाच्या भाड्यावरून वाद झाला आणि हा क्लब 'घरचे' सामने पन्नासेक किलोमीटरवरच्या नॉर्थॅम्प्टनला जाऊन खेळायला लागला. प्रेक्षकांची सरासरी अडीच हजारांच्याही खाली. निषेध म्हणून तिकीट काढायचं नाही, पण संघ तर बघायचाच, असे काही जण मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभे राहायचे. ते कुठल्याच आकड्यात नाहीत. पुढं २०१७ मध्ये क्लब चौथ्या विभागात घसरत असताना एका दुय्यम चषकाची अंतिम लढत आली, तर याच शहरातून चाळीस हजारांवर माणसं वेम्ब्लीला गेली.

म्हणून पुतण्याला मी उलट विचारतो, माणसांनी यावं असं तुम्ही पणाला काय लावलंत? आयएसएल २०१४ ला सुरू झाली. पहिली दहा वर्षं खाली घसरायची भीती कुणालाच नव्हती. आयएसएलच्या खालची आय-लीग जिंकून वर चढलेला पहिला संघ पंजाब, तोही २०२३ मध्ये. २०२५ ला तर गोव्याचे चर्चिल ब्रदर्स आय-लीगचे विजेते म्हणून एप्रिलमध्ये जाहीर झाले आणि जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादानं विजेतेपद इंटर काशीला दिलं. लवादाच्या निकालाला मडगावहून बस कोण काढणार?

आणि गर्दी नाही म्हणणारा हा गडी स्वतः कोल्हापूरच्या पेठांतल्या पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की दुपारीच शाहू स्टेडियम गाठतो!

हुल्लडबाजीचा विषय त्यानं काढला की मात्र मी जरा गप्प होतो. इथं पाहुण्यांना दार वेगळं, स्टँड वेगळा, मध्ये पिवळ्या जाकिटांतल्या रक्षकांची रांग. तेवढं आपल्याकडंही करा, असं मी एकदा सुचवलं. तो म्हणाला, "काका, आपल्या पेठांत पाहुणा कोण? घरी गेल्यावर जेवायला एकाच ताटाला बसायचंय."