हार्ट नाही म्हणजे काहीच नाही?

मगाशी मैत्रिणीचा फोन आला, आवाज रडवेला. आठवडाभर छातीत डावीकडे दुखतंय, ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हार्टला इजा झालीय का बघायची रक्ततपासणी) नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणाले "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका." डोकंच फिरलं माझं.

पाच महिने मी हेच ऐकलंय. कूस बदलली की कळ, शिंकलं की कळ, टी-शर्ट काढताना तर श्वासच अडकायचा. नाव मिळालं कॉस्टोकॉन्ड्रायटिस, म्हणजे छातीत पुढे बरगडी जिथे कूर्चेला जोडलेली असते तिथलं दुखणं. (आयटिस म्हणजे दाह, पण सूज शोधून सापडत नाही! सूज असली तर टिट्झ सिंड्रोम, ते नाव १९२१ पासूनचं.) गोळ्या संपल्या की दुखणं परत हजर. शेवटी एका फिजिओने मला पालथं झोपवलं, मणक्याच्या कडेने अंगठा दाबत खाली आली, आणि खांद्याच्या पात्याच्या आत एका जागी दाबल्यावर कळ थेट पुढे, त्याच बोटभर जागेवर! पाच महिन्यांत पाठीला कुणी बोट लावलं नव्हतं.

अरे, बरगडी काय छातीतच सुरू होते का? मागे मणक्याशी तिचे सांधे आहेत ना, ते आखडले तर पुढच्या कूर्चेच्या जोडावर ताण येऊ शकतोच ना. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१ हजारांवर वेळा हलतात हे सांधे, गुडघा दुखला तर बसता तरी येतं, इथे काय श्वास बंद ठेवायचा?

हो, मान्य, मॅन्युअल थेरपीवर (असं हाताने दाबून केलेल्या उपचारावर) मोठे अभ्यास नाहीत आणि हे दुखणं बऱ्याचदा आपोआपही जातं, माझं गेलं तेही जायची वेळच आली असेल म्हणून कदाचित. असू दे.

पण म्हणून ते "बरगडी सरकलीय, एका झटक्यात बसवतो"वाले रील पाठवू नका मला. तो कट्ट आवाज सांध्यातल्या द्रवातल्या बुडबुड्याचा, हाड जागेवर बसल्याचा नाही. माझ्या फिजिओने एकदाही कट्ट केलं नाही, श्वास सोडताना हळूहळू दाबायची, बस.

आणि आधी ईसीजीच हं. दाबल्यावर दुखतं म्हणजे हार्ट नाहीच, असं नसतं. घाम, हातात-जबड्यात कळ असेल तर फिजिओ नंतर, हॉस्पिटल आधी.

मैत्रिणीला म्हटलं, नवऱ्याला पाठीवर हलकेच अंगठा फिरवायला सांग. दहा मिनिटांत मेसेज, "सापडली गं जागा! पण उजवीकडे."

आता काय बोलणार. फिजिओला दाखव म्हटलं.