'मेरिट सोडलं आणि सिटी कॉलेज बुडालं': न्यूयॉर्कच्या या गोष्टीत किती तथ्य?

आरक्षणावर वाद पेटला की मराठी ग्रुपांमध्ये एक मजकूर हमखास वर येतो. थोडक्यात तो असा: न्यूयॉर्कमध्ये सिटी कॉलेज नावाचं सरकारी कॉलेज होतं. फी शून्य, प्रवेश निव्वळ गुणांवर. लोक त्याला 'गरिबांचं हार्वर्ड' म्हणत. तिथून दहा नोबेलविजेते निघाले. मग १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉलेज ताब्यात घेतलं, प्रशासनाने गुडघे टेकले आणि १९७० पासून वाटेल त्याला प्रवेश मिळू लागला. लायक मुलांच्या जागा गेल्या, दर्जा कोसळला, शहराचं दिवाळं निघालं, मोफत शिक्षण संपलं. त्यानंतर नोबेल नाही. पदव्या कवडीमोल झाल्या, १९९९ मध्ये कुठे सुधारणा झाली. काही आवृत्त्यांत शेवटी 'डॉ. आंबेडकरांनाही कोलंबियात मेरिटवरच प्रवेश मिळाला होता' असं शेपूट असतं.

यातल्या तारखा बहुतेक बरोबर आहेत. नोबेलचा आकडाही बरोबर. गडबड आहे ती 'त्यामुळे' या शब्दाच्या जागी. मजकुरात तो कुठेच लिहिलेला नाही, पण वाचणारा तो प्रत्येक वाक्यामागे आपोआप वाचतो.

'प्रवेश निव्वळ गुणांवर होता'

या कॉलेजचा जन्म मुळात मतपेटीतून झाला. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष टाउनसेंड हॅरिस यांनी सार्वजनिक पैशातून मोफत उच्च शिक्षण देण्याची कल्पना मांडली. १८४७ मध्ये त्यावर सार्वमत झालं: बाजूने १९,४०४ मतं, विरोधात ३,४०९. फ्री अकॅडमी या नावाने १८४९ मध्ये लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यू आणि २३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ती सुरू झाली. पहिले प्रमुख होरेस वेब्स्टर यांनी उद्घाटनाच्या वेळी हा प्रयोग कशाचा आहे ते सांगून ठेवलं. सर्व जनतेच्या मुलांना शिकवता येतं का, आणि सर्वोच्च दर्जाची संस्था मूठभरांऐवजी लोकांच्या इच्छेने चालवता येते का, हे पाहायचं होतं. निवडक हुशारांना वेचून काढणं हे त्या संस्थेचं जाहीर ध्येय नव्हतं.

प्रवेशाच्या अटी होत्या, नाही असं नाही. पण त्या दगडावर कोरलेल्या नव्हत्या. जागा कमी आणि अर्ज जास्त झाले की किमान टक्केवारी वर सरके, जागा वाढल्या की खाली येई. अकरावीच्या कटऑफच्या याद्या पाहिलेल्या कुणाही पालकाला हे समजावून सांगायला नको. १९६० च्या दशकात ती ऐंशीच्या पुढे गेली, कारण युद्धानंतर जन्मलेली पिढी कॉलेजच्या दारात उभी होती आणि इमारती तेवढ्याच होत्या. लायकीची व्याख्या बाकांच्या संख्येवर ठरत होती.

शिवाय 'निव्वळ गुणांवर' म्हणताना निम्मी लोकसंख्या विसरली जाते. सिटी कॉलेजच्या मुख्य विद्याशाखेत मुलींना १९५१ पर्यंत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १८७० पासून वेगळी संस्था होती, तीच पुढे हंटर कॉलेज झाली. आणि 'फी शून्य' हेही सगळ्यांसाठी नव्हतं. नियमित प्रवेशाच्या अटीत न बसलेले अनेक जण नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांना बसत. ते फी भरत.

'म्हणूनच तिथून दहा नोबेल निघाले'

इथे जरा थांबायला हवं, कारण या मजकुराचं सगळं वजन याच आकड्यावर आहे. दहा जणांची पदवीची वर्षं मांडून पाहा. ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड १९३३. रॉबर्ट हॉफस्टॅटर १९३५. आर्थर कॉर्नबर्ग, हर्बर्ट हॉप्टमन आणि जेरोम कार्ल हे तिघंही १९३७ चे. केनेथ अ‍ॅरो १९४०. लिओन लेडरमन १९४३. मग रॉबर्ट ऑमन १९५०, आर्नो पेन्झियास १९५४ आणि जॉन ओ'कीफ १९६३.

दहापैकी सात जण अवघ्या अकरा वर्षांत बाहेर पडलेले. १८४९ पासून कॉलेज चालू आहे, प्रवेश गुणांवर आहे, तरी हा घोस याच एका दशकात का लागावा? गुणवत्तेच्या नियमात तेव्हा काही जादू झाली नव्हती. कारण शोधायला सिटी कॉलेजच्या टेकडीवरून दक्षिणेला बावीसेक गल्ल्या चालत जावं लागतं, कोलंबिया विद्यापीठापर्यंत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोलंबियाच्या पदवी वर्गांत ज्यू मुलांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेलं होतं. पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्यांची, फेरीवाल्यांची ही मुलं परीक्षेत कुणाला ऐकत नव्हती. अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्या प्रशासनाला ते खुपलं. १९१९ पासून प्रवेश अर्जात धर्म, वडिलांचं जन्मस्थान असे प्रश्न आले, मानसशास्त्रीय चाचणी आली, 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहणं आलं. दोन-तीन वर्षांत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कागदोपत्री कुठेही 'कोटा' हा शब्द नाही. पुढे १९२८ मध्ये कोलंबियाने ब्रुकलिनमध्ये सेथ लो ज्युनिअर कॉलेज काढलं आणि मुख्य आवारात नको असलेल्या अनेकांना तिकडे वळवलं. विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह त्यांच्यापैकीच एक. पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे रिचर्ड फाइनमन यांनाही कोलंबियाने घेतलं नाही, ते एमआयटीला गेले.

म्हणजे उमरावांच्या कॉलेजांनी गुण असूनही ज्यांना दार लावलं, ती मुलं फुकटच्या सरकारी कॉलेजात जमा झाली. त्यात महामंदी. बाहेरगावी राहून शिकण्याचे पैसे कुणाकडेच नव्हते. १९३४ चे पदवीधर आणि पोलिओची लस देणारे जोनास सॉल्क पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी न्यूयॉर्क विद्यापीठात गेले, त्यामागेही इतर वैद्यकीय महाविद्यालयांची ज्यूंविषयीची नाखुशी होती. सिटी कॉलेजचा सुवर्णकाळ हा शेजाऱ्यांच्या अन्यायाचा उपफल होता. त्याला शुद्ध मेरिट-व्यवस्थेचा पुरावा म्हणून पुढे करणं म्हणजे गोष्ट उलटी वाचणं.

आणि त्या सुवर्णकाळाला बाहेरचं वारं लागत नव्हतं असंही नाही. १९४० मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची इथली नेमणूक त्यांच्या विवाहविषयक मतांवरून कोर्टात रद्द झाली. त्यानंतरच्या दोन वर्षांत डझनावारी अध्यापक आणि कर्मचारी राजकीय मतांपायी घरी पाठवले गेले.

बाबासाहेबांविषयीचं मजकुरातलं ते शेपूटही इथेच निकालात काढू. ते १९१३ मध्ये कोलंबियात आले ते बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या, महिना साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांची बुद्धी वादातीत आहे, पण ती बुद्धी मुंबईहून न्यूयॉर्कला पोचली ती एका संस्थानाने जाणीवपूर्वक खर्च केलेल्या पैशावर. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. त्यानंतर तीनच वर्षांत वर सांगितलेले अर्ज छापले गेले.

'१९६९ मध्ये धमकावून दरवाजे उघडायला लावले'

ताबा घेतला होता, हे खरं. २२ एप्रिल १९६९ रोजी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन (पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या कुटुंबांतल्या) विद्यार्थ्यांनी दक्षिण आवाराची फाटकं बंद केली. कॉलेज हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीच्या अंगावर उभं आहे आणि त्याच्या दिवसाच्या वर्गांत हार्लेमची मुलं शोधावी लागत, ही मूळ तक्रार होती. पाच मागण्या होत्या. प्रवेशाबाबतची मागणी एवढीच की पहिल्या वर्षाच्या वर्गात शहरातल्या सरकारी शाळांमधल्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांचं प्रमाण दिसलं पाहिजे. दोन आठवडे गोंधळ चालला, मारामाऱ्या झाल्या, अध्यक्ष ब्युएल गॅलाघर यांनी राजीनामा दिला.

पण 'सगळ्यांना प्रवेश' ही विद्यार्थ्यांची मागणीच नव्हती. तो शहरातल्या सरकारी कॉलेजांचा कारभार पाहणाऱ्या उच्च शिक्षण मंडळाचा तोडगा होता आणि त्याची योजना आधीपासून कागदावर होती, लक्ष्य १९७५. मंडळाने ती पाच वर्षं अलीकडे ओढली. का ओढली? कारण वांशिक प्रमाण ठरवून जागा दिल्या असत्या तर गोऱ्या कामगार वस्त्या भडकल्या असत्या, आणि ते महापौरपदाच्या निवडणुकीचं वर्ष होतं. शहराच्या कामगार संघटनांनीही खुल्या प्रवेशाला पाठिंबा दिला. त्यांच्या अनेक सभासदांची मुलं इटालियन आणि आयरिश कुटुंबांतली होती, आणि दार त्यांच्यासाठीही उघडणार होतं.

'लायक मुलांच्या जागा हिरावल्या'

कुणाची एकही जागा गेली नाही, कारण जागाच वाढवल्या. सिटी कॉलेज हे शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या अनेक कॉलेजांपैकी एक. १९६९ मध्ये या युनिव्हर्सिटीच्या सगळ्या कॉलेजांत मिळून पहिल्या वर्षाला सुमारे २०,००० विद्यार्थी आले होते. १९७० मध्ये ते सुमारे ३५,००० झाले. ८० टक्के सरासरी किंवा आपल्या शाळेत वरच्या निम्म्यात क्रमांक असेल तर चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश, बाकीच्यांना दोन वर्षांच्या सामुदायिक कॉलेजात. 'वाटेल त्याला सिटी कॉलेज' असा नियम कधीच नव्हता. आणि समाजशास्त्रज्ञ डेव्हिड लॅव्हिन व सहकाऱ्यांनी आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की या धोरणामुळे आत आलेल्यांत गोऱ्यांची संख्याच जास्त होती. प्रमाणात मोठी उडी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांची, डोकी जास्त गोऱ्यांची.

आता, या धोरणाची बाजू घेणाऱ्यांनीही एक कबूल करावं. ते राबवलं फार वाईट. तयारीला जेमतेम एक वर्ष मिळालं. वर्गखोल्या अपुऱ्या, भाड्याच्या जागा शोधाव्या लागल्या. शाळेत धड वाचन-लेखन न शिकवलेल्या हजारो मुलांना कसं शिकवायचं हे साहित्याच्या प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं. अनेकांनी प्रयत्नही केला नाही. सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांच्यासारख्या काहींनी मात्र केला. विद्यार्थ्यांच्या चुकांकडे अडाणीपणा म्हणून न बघता त्यामागचा तर्क शोधत त्यांनी लेखन शिकवण्याचं एक शास्त्रच उभं केलं. गळती मोठी होती. शिक्षकांचा वैताग खोटा नव्हता. मजकूर लिहिणाऱ्याने एवढंच म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता.

'शहराचं दिवाळं निघालं आणि फी आली'

दिवाळं निघालं नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये अगदी काठावर आलं होतं, शिक्षक संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीने शहराचे रोखे घेतले आणि ते टळलं. कारणं कॉलेजात नव्हती. कारखाने शहर सोडून गेले, मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि कराचं उत्पन्न त्यांच्यामागे गेलं. वर मंदी, आणि रोजचा खर्च भागवायला वर्षानुवर्षं घेतलेली अल्पमुदतीची कर्जं. सिटी युनिव्हर्सिटीच्या खर्चातला मोठा वाटा तर राज्य सरकार उचलत होतं.

फी आली ती राजकीय अट म्हणून. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २९ ऑक्टोबर १९७५ च्या भाषणात शहराला मदत नाकारताना मोफत विद्यापीठाचं उदाहरण उधळपट्टी म्हणून दिलं होतं. १९७६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पैशाअभावी विद्यापीठ दोन आठवडे बंद राहिलं आणि त्याच वर्षी १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा संपली. हजारो अध्यापक-कर्मचारी कमी झाले, विद्यार्थिसंख्या हजारोंनी घसरली. युद्धात, महामंदीत जे टिकलं ते, वर्गातले चेहरे बदलल्यावर सहा वर्षांत परवडेनासं झालं. यात हेतू होता की योगायोग, यावर भांडता येईल. क्रम मात्र तोच आहे.

'त्यानंतर नोबेल नाही'

ओ'कीफ यांना पारितोषिक २०१४ मध्ये मिळालं, पदवीनंतर ५१ वर्षांनी. ऑमन यांना ५५ वर्षांनी. या हिशेबाने १९७३ च्या वर्गाची पाळी कुठे आत्ता येते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओहोटी १९७० च्या कितीतरी आधी लागली होती. न्यूयॉर्क राज्याने १९४८ मध्ये प्रवेशातला वंश-धर्मभेद कायद्याने बंद केला, मोठ्या विद्यापीठांतले छुपे कोटे हळूहळू सैल झाले, आणि जी मुलं पूर्वी नाइलाजाने सिटी कॉलेजात आली असती ती कोलंबियात, हार्वर्डमध्ये जाऊ लागली. यादीतली वर्षं पुन्हा पाहा: १९४३ नंतर खुल्या प्रवेशापर्यंतच्या २७ वर्षांत तिघंच.

कॉलेज मोजायला नोबेल ही फुटपट्टीच विचित्र आहे, हे वेगळंच. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल १९५८ मध्ये इथूनच भूगर्भशास्त्र घेऊन सरासरी 'सी' श्रेणीत पदवीधर झाले. आपल्या साध्या गुणांबद्दल ते स्वतःच मोकळेपणाने सांगत.

'पदव्या कवडीमोल झाल्या, १९९९ मध्ये सुधारणा झाली'

१९७० ते ७२ मध्ये दाखल झालेल्या स्त्रियांचा मागोवा लॅव्हिन आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तीस वर्षांनी घेतला. चार-पाच वर्षांत शिक्षण सोडलेल्या म्हणून ज्या मोजल्या गेल्या होत्या, त्यांतल्या अनेकींनी नोकरी, मुलं सांभाळत पुढे शिक्षण पूर्ण केलं होतं. एकूण सुमारे ७० टक्क्यांनी कुठली ना कुठली पदवी मिळवली. त्यांची मुलंही अभ्यासात पुढे गेलेली आढळली.

१९९९ चा उल्लेख चुकीच्या जागी बसवलेला आहे. चार वर्षांच्या कॉलेजांच्या प्रवेशअटी १९७६ मध्येच कडक झाल्या होत्या. महापौर जुलियानी यांच्या काळात बंद झाले ते या कॉलेजांतले पायाभूत तयारीचे वर्ग. ते सामुदायिक कॉलेजांकडे गेले. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांची एक क्रमवारी मांडली. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली किती मुलं घेतली आणि त्यांतली किती सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात पोचवली, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यात सिटी युनिव्हर्सिटी देशात पहिल्या दहांत होती. ती मुलं १९८० ते ८२ मध्ये जन्मलेली. त्यांतली काही १९९९ च्या 'सुधारणे'आधीच वर्गात येऊन बसली होती.