वॉटरप्रूफ आहे, समुद्रप्रूफ नाही

परवा समुद्रकिनाऱ्यावर एका निवृत्त गृहस्थांच्या पायाच्या अंगठ्याने माझा आणि एका भारदस्त मेटल डिटेक्टरचा जाहीर पराभव केला. यंत्र माझं नव्हतं. विक्रेत्याने 'आधी वापरून बघा, मग ठरवा' असं म्हणून दिलेलं होतं. अपमान मात्र पूर्णपणे माझा झाला.

कोरड्या वाळूत यंत्र अगदी सुसंस्कृत वागलं. एक नाणं, एक हेअरपिन, बाटलीची दोन झाकणं. प्रत्येकाच्या वेळी खाकरून सूचना दिली, पडद्यावर आकडा दाखवला आणि गप्प बसलं. मग ओहोटीच्या ओल्या वाळूत पाऊल टाकलं मात्र, ते अंगात आल्यासारखं करायला लागलं. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, उजवीकडे नेली की किंचाळी, डावीकडे नेली की किंचाळी. कॉइलला लाट शिवली तर असा टाहो, की लांबची दोन कुत्री उठून उभी राहिली. पडद्यावरचे आकडे लिफ्टमध्ये अडकल्यासारखे वरखाली होत होते. मी संवेदनशीलता कमी करत गेलो. शेवटी यंत्र शांत झालं, पण खिशातल्या किल्ल्या कॉइलपुढे धरल्या तरच हूं म्हणेल इतकं शांत.

याच क्षणी ते गृहस्थ आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चपला, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर 'मी असताना तुम्ही एकटे का झगडताय' हा भाव.

"काय हरवलंय?"

"काही नाही."

"मग शोधताय काय?"

या प्रश्नाचं उत्तर या छंदातल्या कुणालाही आजवर धड देता आलेलं नाही. मी म्हटलं, "यंत्र तपासतोय. घ्यायचं की नाही ते ठरवायचंय."

"म्हणजे अजून पैसे दिलेले नाहीत? वाचलात!" ते इतक्या मनापासून म्हणाले, की पैसे त्यांच्याच खात्यातून जाणार होते की काय असं वाटावं. "किती खोल जातं?"

"नाण्याएवढी वस्तू असेल तर वीतभर. वाळू बरी असेल तर थोडं जास्त."

"वीतभर? वीतभर तर मी हाताने उकरतो."

"कुठे उकरायचं ते कळायला नको का?"

"ते अनुभवाने कळतं." इथे त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "बरं, याने पाणी सापडतं का?"

आम्ही दोघेही घोट्यापर्यंत समुद्रात उभे होतो.

मी उत्तर दिलं नाही, यावरून त्यांनी सापडत नाही असा निष्कर्ष काढला आणि यंत्राबद्दलचं त्यांचं मत आणखी एक पायरी खाली गेलं. मग म्हणाले, "परीक्षा घेऊन बघू." कुणाची, ते विचारायच्या आत त्यांनी वाळूतून शीतपेयाच्या कॅनची कडी उचलली, कोरड्या जागी ठेवली आणि मला कॉइल फिरवायला लावली. आकडा आला. मग बोटातली अंगठी काढून तिथेच ठेवली. मागून कुठूनतरी "अहो, अंगठी काढू नका!" असा बाईमाणसाचा आवाज आला. त्यांनी मागे न बघता हात हलवला. मी कॉइल फिरवली. आकडा तोच आला.

"म्हणजे याला सोनं आणि पत्रा सारखाच?"

आता इथे खरं तर मला बोलायची उत्तम संधी होती. यंत्राला किंमत कळत नाही. त्याला धातू वीज किती वाहून नेतो आणि वस्तूचा आकार-जाडी केवढी, यांची गोळाबेरीज कळते. एरवी सोनं उत्तम वाहक आहे, पण बारीक अंगठीत ते असतं किती? ॲल्युमिनियमची कडी आणि मध्यम अंगठी या हिशेबात अगदी शेजारी-शेजारी येऊन बसतात. म्हणून ज्याला अंगठ्या हव्या आहेत त्याला कड्याही खणाव्या लागतात. कड्या वगळायचं बटण दाबलं की अंगठ्याही वगळल्या जातात. साखळीचं तर विचारूच नका, नाजूक साखळीची एकेक कडी यंत्राला सुटी-सुटी दिसते, म्हणजे जवळपास दिसतच नाही. हे सगळं मी नीट मुद्देसूद सांगितलं.

ते म्हणाले, "आमच्या हिला लांबून कळतं."

मग त्यांनी तो प्रयोग केला. अंगठी ओल्या वाळूत ठेवली, टाचेने दाबली, वरून वाळू सारवली आणि म्हणाले, "आता शोधा." तेवढ्यात एक लाट आली आणि सगळं सपाट करून गेली. एव्हाना चार माणसं जमली होती. दोन मुलं अगदी कॉइलच्या पुढ्यात बसली. मी संवेदनशीलता वाढवली, यंत्र बोंबललं. कमी केली, यंत्र मुकं झालं. मधे कुठेतरी ठेवली, तर ते इथेही अंगठी, तिथेही अंगठी, त्या मुलाच्या गुडघ्याखालीही अंगठी असं सांगायला लागलं. गृहस्थ कमरेवर हात ठेवून प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी बोट दाखवत म्हणत होते, "इथेच होती. मी स्वतः ठेवलीय."

अशा अधिकारवाणीने जगाचं केवढं नुकसान केलंय! 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात नेमकी कुठे आहे ते कुणाला कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू ओळखणारं यंत्र घेऊन धावले. ते यंत्र चालत होतं, आधी त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. पण अध्यक्षांच्या पलंगाची गादी लोखंडी स्प्रिंगांची, त्यामुळे यंत्र गोंधळलं. वर मुख्य डॉक्टरांनी बजावलं की गोळी उजवीकडेच आहे, तेव्हा उजवीकडेच बघा. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. या डॉक्टरांचं आडनाव ब्लिस आणि आई-वडिलांनी ठेवलेलं पहिलं नावच 'डॉक्टर'. पाळण्यातच पदवी मिळालेल्या माणसाला 'जरा डावीकडे बघू का' असं विचारायची हिंमत कोण करणार? एकूण काय, मेटल डिटेक्टर जन्मला तोच शेजारी उभं राहून 'इथेच आहे' म्हणणारा माणूस सोबत घेऊन.

आमच्या प्रयोगाचा शेवट असा झाला. गृहस्थांनी सुस्कारा सोडला, मला 'सरका' म्हणाले, उजव्या पायाचा अंगठा वाळूत खुपसला, भोवऱ्यासारखा दोनदा फिरवला आणि पाय वर काढला. अंगठ्याच्या टोकाला अंगठी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जमलेल्यांपैकी एकाने विचारलं, "काका, याला बॅटरी लागत नाही ना?" सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

अहो, जिथे स्वतः पुरली तिथेच स्वतः शोधली, यात शोध कसला? पण हे तिथे कुणाला सांगणार?

खरी चीड मला त्या गृहस्थांची नाहीच. ते बिचारे फिरायला आले होते, करमणूक झाली, गेले. जाताना अंगठा झटकत "हे घेऊ नका" एवढा सल्ला देऊन गेले, आणि कारण चुकीचं असलं तरी सल्ला बरोबर होता, हे जास्त झोंबलं. चीड आहे ती खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' छापणाऱ्यांची, आणि तेच छापील वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवणाऱ्यांची. मी यंत्र आणताना एकच प्रश्न विचारला होता: "समुद्रावर चालेल का?" उत्तर मिळालं, "तीन मीटर खोल पाण्यात बुडवा, काही होणार नाही." खरंच काही झालं नाही. यंत्राला काही झालं नाही आणि यंत्राकडून काही झालं नाही. विचारलं एक, उत्तर दुसऱ्याचं, आणि दोन्ही बाजूंना आपण खरं बोललो याचं समाधान.

पाणी आत शिरणं आणि मीठ ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्याने धातूत विजेचे बारीक भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचं उत्तर यंत्र ऐकतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ते पाणीही वीज वाहून नेतं. तिथेही भोवरे उठतात. गोड्या पाण्याच्या तळ्यात हा त्रास जवळजवळ नाही, तिथे हेच यंत्र गुणी बाळ असतं. समुद्रावर मात्र पायाखालचा सगळा किनाराच यंत्राला एक धातूचा पातळ पत्रा वाटतो. आणि बारीक सोन्याचं उत्तर नेमकं या मिठाच्या उत्तराच्या आसपास येतं. एकाच फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकाच ठरावीक वेगाने बदलत, चालणाऱ्या यंत्राने तिथे अंगठी शोधायची म्हणजे लाउडस्पीकरच्या भोंग्याला पाठ लावून कुणाची तरी कुजबुज ऐकायची. भोंगा बंद केला की कुजबुजही बंद, कारण बटण एकच.

यावर उपाय आहेत, आणि ते काही गुपित नाहीत. एक म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारी यंत्रं. ती वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना मिळालेली उत्तरं ताडून मिठाचा हिस्सा वजा करतात. 2018 मध्ये मिनलॅबची इक्विनॉक्स आली, नंतर एक्सपीची ड्युस 2, नोक्ताची लेजंड. युक्ती सगळ्यांची साधारण तीच, नाव प्रत्येकाने वेगळं आणि भारी ठेवलंय. दुसरा उपाय पल्स इंडक्शन. ही यंत्रं क्षणभर जोरात झटका देतात, थांबतात आणि मग ऐकतात. मिठातले भोवरे चटकन विरतात, धातूतले जरा रेंगाळतात, त्यामुळे यंत्र ऐकायला लागेपर्यंत समुद्र गप्प झालेला असतो. काळी लोहयुक्त वाळू असली तरी ही डगमगत नाहीत. फक्त यांना सोनं आणि गंजका खिळा यांतला भेद फारसा कळत नाही. सगळे समान, सगळे खणा. हेअरपिन खणा, झाकण खणा, होडीचा खिळा कोपरापर्यंत हात घालून खणा. तत्त्व म्हणून ही समता थोर आहे, पण पाठीच्या कण्याला ती परवडत नाही.

यात अजून आकड्यांची एक शर्यत आहे. ड्युस 2 म्हणे 20 मीटरपर्यंत, गॅरेटचं सी हंटर 200 फुटांपर्यंत बुडवता येतं. चांगलं आहे, पाणबुड्यांनी जरूर घ्यावं. माझा धीर पाणी मांडीला लागलं की सुटतो. अंगठ्याही बहुतेक तिथेच पडतात, जिथे लोक डुंबतात. गार पाण्याने बोटं आक्रसतात, वर सनस्क्रीनचा बुळबुळीतपणा, हात झटकला की गेली. त्यासाठी 200 फूट खाली जायचं कारण नाही. आणि बिनतारी हेडफोनची जाहिरात करणाऱ्यांनी एकदा तरी सांगावं की ब्लूटूथच्या लहरी पाण्यात वीतभरही धड जात नाहीत. कॉइल पाण्यात आणि यंत्राची पडदा-बटणांची पेटी वर असेल तोवर ठीक, पेटी बुडली की कानात नुसती शांतता. तेव्हा बुडायचंच असेल तर वायरवाला हेडफोन लागतो. हे बारीक अक्षरांत असतं. बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि चष्म्यावर खारं पाणी उडालेलं असतं.

माझं ठरलंय: अनेक फ्रीक्वेन्सींचं घ्यायचं, कॉइल मध्यम, कारण कॉइल मोठी तितकं मीठही जास्त ऐकते. सोबत लांब दांड्याचं, भोकाभोकांचं स्टीलचं फावडं, नाहीतर यंत्राने दाखवलेली जागा पुढची लाट पुसून टाकते. आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, दांड्याच्या सांध्यांत वाळू अडकली की तो पुन्हा मिटत नाही. घेण्याआधी ओल्या वाळूत, भर लाटेत तपासून बघायचं. आजूबाजूला माणसं नसताना.

काल यंत्र परत करताना विक्रेत्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. किंचाळण्याबद्दल, आकड्यांबद्दल, मिठाबद्दल. अंगठ्याबद्दल मी बोललो नाही. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, खाऱ्या पाण्याची एवढी काळजी वाटत असेल, तर मी तुम्हाला याच्यासोबत वॉटरप्रूफ कव्हर फुकट देतो."