बिडाचा पाइप, प्लॅस्टिकचा पाइप आणि गच्चीवरचं ते ‘उगाच’ टोक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घराबाहेरचा सांडपाण्याचा जुना पाइप बदलण्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलेच चिडलेले दिसता. तुमचं म्हणणं असं: बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाइप पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तो काढून प्लॅस्टिक लावणं म्हणजे सोनं टाकून पितळ घेणं. शेजाऱ्यांचा पीव्हीसी पाइप दोन-तीन उन्हाळ्यांत सांध्यांतून निसटला. चीर पडली आहे तेवढाच तुकडा बदलून भागतं, अख्खा पाइप उतरवायला सांगणारा माणूस प्लंबरची भर करतो. आणि जाता जाता, गच्चीच्या वर गेलेलं पाइपाचं टोक उगाच आहे, तुम्ही ते झाकण लावून बंद करणार आहात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण हे तुम्ही आजच करून बसाल अशी धास्ती वाटते. ते टोक बंद करू नका. वरून पाणी कोसळतं तेव्हा ते मागून हवा ओढतं. ती हवा वरच्या तोंडातून मिळाली नाही, तर ती नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीच्या जाळीखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्यातून) ओढली जाते आणि जाताना ट्रॅपमधलं पाणी घेऊन जाते. गटारातला वायू आणि तुमची न्हाणी यांच्यामध्ये असतं ते जेमतेम ५० मिलिमीटर पाणी. वर कुणी फ्लश केला की खालच्या जाळीतून गुडगुड ऐकू येत असेल, तर हवा कमी पडते आहे असं समजा. पानं-पाखरं आत जाऊ नयेत एवढंच हवं असेल तर वर काऊल, म्हणजे जाळीची टोपी, बसवा. हवा खेळती राहते.

आता बीड. चांगला बिडाचा पाइप काढा असं मी म्हटलेलं नाही. बीड जळत नाही, उन्हाला दाद देत नाही, आणि पाणी पडताना प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कमी आवाज करतं. प्रश्न एवढाच, की तुमचा पाइप चांगला आहे हे ठरवलं कशावरून? पुढून रंग तुळतुळीत दिसतो म्हणून? भिंतीकडच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही, ओल मात्र तिथेच साचते, त्यामुळे बीड बहुतेकदा पाठीमागून खाल्लं जातं. मागे छोटा आरसा धरून बघा. मग हातोडीने हलकेच टकटक करा. धडधाकट बीड खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. पापुद्रे सुटले असतील तर वरून इपॉक्सीची लांबी थापून गळती काही महिने थांबेलही, पण ती ज्याला धरून बसायची तो गंजच सुटत असतो.

‘तेवढाच तुकडा’ हा तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, अक्षरशः. बिडाचे जुने सांधे सुतळी ठासून, वर वितळलेलं शिसं ओतून केलेले असतात. मधला तुकडा कापला की वरचं सगळं ओझं भिंतीतल्या जुन्या खिळ्यांवर येतं, आणि ते खिळेही त्या पाइपाच्याच वयाचे. शिवाय कापताना बसणाऱ्या हादऱ्यांनी वरखालचे धडधाकट सांधे हलतात. आज एक गळती बुजवायची आणि पुढच्या पावसात दोन शोधायच्या, यात बचत कसली? हे करता येतच नाही असं नाही. वरचा भाग आधी नव्या मजबूत क्लॅम्पांनी भिंतीला टांगायचा, मगच कापायचं, आणि जोड द्यायचा तो स्टीलच्या पट्ट्या आवळलेल्या रबरी कपलिंगने. पीव्हीसीचं सोल्युशन, म्हणजे सांधे चिकटवायचा द्रव, बिडाला धरत नाही. पण वरखालचं बीड खरोखर ठणठणीत असेल तरच हा खटाटोप.

शेजाऱ्यांच्या पाइपाचं म्हणाल, तर तो मी पाहिलेला नाही, पण सांध्यातून निसटणं हा प्रकार ओळखीचा आहे. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ६ मीटर पीव्हीसी सुमारे ११ मिलिमीटर लांबतं, तेवढंच बीड जेमतेम २ मिलिमीटर. सगळे सांधे सोल्युशनने चिकटवले आणि सगळे क्लॅम्प करकचून आवळले, तर ही वाढ जाणार कुठे? पाइप बाकतो नाहीतर सांधा उपसतो. म्हणून उभ्या पाइपाला रबरी रिंगचे सांधे घ्यावेत. पाइप सॉकेटमध्ये (खालच्या पाइपाच्या रुंद तोंडात) तळापर्यंत सारायचा, पेन्सिलने खूण करायची आणि साधारण १० मिलिमीटर मागे ओढायचा. पाइपाच्या प्रत्येक तुकड्याला एकच क्लॅम्प घट्ट, सॉकेटपाशी, बाकीचे पाइप सरकू शकेल इतके सैल. सॉकेटचं तोंड नेहमी वर. रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. उन्हाचा त्रास मात्र खरा आहे: उघडं पीव्हीसी पांढुरकं आणि ठिसूळ होत जातं. फिकट रंगाचा पाण्यात मिसळणारा रंग दिला की त्याचं आयुष्य वाढतं. गडद रंग नको, तो पाइप आणखी तापवतो.

तळाशी वळण देताना ९० अंशांचा एकच बेंड न लावता ४५ चे दोन लावा आणि जवळच साफसफाईचं दार ठेवा.

अजून एक विचारायचं राहिलं. तुमचा पाइप नक्की बिडाचाच आहे ना? रंगाखाली सगळेच जुने पाइप सारखे दिसतात. चुंबक लावून बघा. चिकटला नाही आणि रंग उडालेल्या जागी सिमेंटसारखा करडा रंग दिसला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. मग आरसा-हातोडी बाजूला ठेवा. तो ग्राइंडरने कापायचा नाही, फोडायचा नाही, घासायचाही नाही. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. तो ओला ठेवून अख्खाच्या अख्खा उतरवावा लागतो, आणि ते त्या कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसांनीच करावं.

तेव्हा हातोडी हातात घेण्याआधी चुंबक लावा, आणि काय निघालं ते इथे कळवा. पुढचं उत्तर त्यावर ठरेल.