एक तारा दिलेल्या अभिप्रायाला उत्तर: लॅपटॉप 9 दिवस चालू होता

नमस्कार. नवं विंडोज टाकताना लॅपटॉपमधून गेलेले फोटो आणि फाइली परत मिळवायला तुम्ही तो आमच्याकडे दिला होता, त्या कामाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. काम 4 दिवस चाललं आणि मधले दोन दिवस आमच्याकडून साधा फोनही आला नाही, ही चूक आमची. मनापासून माफी मागतो. पण "विंडोज जेमतेम 20 जीबी घेतं, मग माझे 200 जीबीचे फोटो गेले कुठे? यांना काम येत नाही," हे वाक्य फार लागलं. ते वाचून नवीन माणूस आमच्याकडे यायला कचरेल, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या विंडोजच्या फाइली ज्यात राहतात तो 'विंडोज.ओल्ड' फोल्डर आम्ही पाहिलाच नाही, असं तुम्ही म्हणता. सगळ्यात आधी तोच पाहिला. फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवर नवं टाकलं तरच तो तयार होतो, आणि साधारण 10 दिवसांनी आपोआप पुसलाही जातो. तुमच्याकडे पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला होता, मग तो फोल्डर येणार कुठून? डी ड्राइव्हला धक्का लागला नव्हता, तिथलं सगळं जसंच्या तसं तुम्हाला मिळालं. अभिप्रायात त्याबद्दल एक शब्द नाही.

आता त्या 20 जीबीबद्दल. विंडोज टाकतानाचा फॉरमॅट हा क्विक फॉरमॅट असतो. हार्ड डिस्कवर त्याने फाइली पुसल्या जात नाहीत. कोणती फाइल कुठे आहे याची यादी, म्हणजे एमएफटी, तेवढी नव्याने सुरू होते. (एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी डिस्क, असती तर फॉरमॅटबरोबर ट्रिमची, म्हणजे ही जागा आता रिकामी समज अशी, आज्ञा जाते आणि मग बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही.) चूक लक्षात येताच लॅपटॉप बंद झाला असता तर बरंच वाचलं असतं. तो 9 दिवस वापरात राहिला. तेवढ्यात अपडेट उतरले, विंडोज स्वतःच्या कामासाठी बनवतं त्या पेजफाइल आणि हायबरनेशनच्या फाइलने काही जीबी घेतले, ब्राउझरचा कॅशे वाढत गेला. शिवाय हार्ड डिस्क असली की विंडोज आठवड्यातून एकदा आपणहून डीफ्रॅग करतं, म्हणजे नव्या फाइलींचे तुकडे उचलून मोकळ्या जागेत नेऊन ठेवतं. विंडोजला मोकळी वाटणारी ती जागा म्हणजे तुमचे जुने फोटो होते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र वेगळ्याच गोष्टीने झालं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर टाकलं गेलं आणि त्याने शोधलेल्या 60 जीबी फाइली सी ड्राइव्हवरच सेव्ह झाल्या. एक फोटो वर काढायचा आणि तो दुसऱ्या फोटोच्या अंगावर लिहायचा, असं ते झालं. लॅपटॉप घेताना आम्ही हेच विचारलं होतं आणि "काही केलेलं नाही" असं उत्तर मिळालं होतं. त्या 60 जीबी फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याची तारीख तुम्ही आमच्याकडे येण्याच्या तीन दिवस आधीची आहे. दोष द्यायचा म्हणून सांगत नाही, पण 200 जीबीचा हिशोब तिथे लागतो.

फाइलींची नावं आम्ही घालवली नाहीत. ज्यांची जुन्या एमएफटीमधली नोंद शाबूत होती त्या नावासकट, फोल्डरसकट आल्या. बाकीच्या फाइली त्यांच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोधाव्या लागतात. त्या खुणेवरून हा जेपीईजी आहे एवढं कळतं, नाव कळत नाही. फोटो डिस्कवर सलग असला तर पूर्ण येतो, तुकड्यांत असला तर खालचा अर्धा भाग करडा येतो. एक्सेलची फाइल आतून झिप असते, तिची अनुक्रमणिका शेवटी असते, शेवट गेला की ती उघडत नाही. नाव गेलेले फोटो आम्ही कॅमेऱ्याने आत नोंदवलेल्या तारखेवरून वर्ष-महिन्यांप्रमाणे लावून दिलेत. ते काम सॉफ्टवेअरने एका क्लिकवर होत नाही.

आणि 4 दिवस का? 1 टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला 100 एमबी वेगाने वाचायला पावणेतीन तास पुरतात. तुमच्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे खराब भाग, होते, तिची प्रत काढायलाच दीड दिवस गेला. मूळ डिस्कवर थेट स्कॅन चालवला असता तर वेळ वाचला असता, पण डिस्क मध्येच बंद पडण्याची भीती होती. म्हणून सगळं काम प्रतीवर केलं.

ग्राहकाला वेळोवेळी कळवण्याची पद्धत सुधारतो आहोत. तुमच्या डिस्कची ती प्रत अजून आमच्याकडे आहे, तुम्ही सांगेपर्यंत पुसणार नाही. परत मिळालेल्या पण न चालणाऱ्या व्हिडिओंसाठी एक उपाय बाकी आहे: त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेला एखादा चालू एमपी4 आणून द्या. त्याच्या आधाराने त्यातले काही दुरुस्त होऊ शकतात. कॅमेऱ्याचं मेमरी कार्डही आणा, त्यावरून पुसलेले जुने फोटो मिळतात का पाहू, पण तोवर त्यावर एकही नवा फोटो काढू नका.